देह जोडलेला, संमती दोघांची

पुरुष, म्हणजे जाणणारा आत्मा, एक नसून अनेक आहेत, हे ठरवताना ईश्वरकृष्णाने सांख्यकारिकेत व्यवहारातलेच पुरावे पुढे केले. प्रत्येकाचे जन्म, मरण आणि इंद्रिये वेगळी असतात, शिवाय सगळे एकाच वेळी एकाच कामाला लागत नाहीत. जोडलेल्या जुळ्यांपुढे यातले पहिले पुरावे लंगडे पडतात. सयाममध्ये १८११ साली जन्मलेले चँग आणि एंग बंकर छातीपाशी जोडलेले होते. शवविच्छेदनात त्यांची यकृतेही जुळलेली आढळली. १८७४च्या जानेवारीत चँग गेला आणि काही तासांतच एंगही. टिकतो तो सगळे एकाच वेळी एकाच कामाला लागत नाहीत हा पुरावा, आणि माणसे मोजायला माझ्या मते तेवढा पुरतो. चँग दारू पीत असे, एंग पीत नसे. नॉर्थ कॅरोलिनात दोघांनी दोन सख्ख्या बहिणींशी लग्ने केली, दोन घरे थाटली आणि तीन-तीन दिवस आळीपाळीने राहायचे ठरवले. ज्याचे घर, त्याचा शब्द. (शेतावर मात्र त्यांनी गुलाम राबवले; दुसऱ्याच्या संमतीची चाड घरापुरतीच होती.) एकटा माणूसही स्वतःला नेम घालून घेतोच की, असे कोणी म्हणेल. पण त्याने नेम मोडला तर कोणाचा हक्क बुडत नाही. चँगने मोडला असता, तर एंगचा बुडाला असता.

याहून अवघड आक्षेप मेंदूचा आहे. कॅनडात २००६ साली जन्मलेल्या दोन बहिणींचे मेंदू थॅलॅमसपाशी जोडलेले आहेत. एकीला जाणवलेले काही अंशी दुसरीपर्यंत पोचते. मग अनुभवणारी एकच का मानू नये? कारण एकीच्या तोंडातली चव दुसरीला नकोशी वाटू शकते. संवेदना सामाईक असली तरी आवड-नावड सामाईक होत नाही, आणि नैयायिकांनी इच्छा व द्वेष ही आत्म्याची लक्षणे मानली ती उगाच नव्हे. अद्वैती म्हणेल, हे दोनपण व्यवहारापुरतेच. असेना, संमती कोणाला विचारायची, हा प्रश्नही व्यवहारातलाच आहे.

त्या व्यवहारात सरकारचीही तारांबळ उडते. अमृतसरच्या पिंगलवाडा या निराधारांच्या आश्रमात वाढलेल्या सोहना-मोहना या जोडलेल्या भावांना दोन हृदये आहेत, हात चार आहेत, पण यकृत एक आणि पाय दोनच. २०२२च्या पंजाब विधानसभा निवडणुकीत त्यांनी स्वतंत्र मतदार म्हणून मत दिले, म्हणजे तिथे ते दोन ठरले. त्याआधी काही महिने राज्याच्या वीज महामंडळात नोकरी लागली, ती मात्र सोहनाला. मोहना त्याच्या मदतीला. कामाची वेळ झाली की उठायचे दोघांना, मोहनाने नको म्हटले तर सोहनाची हजेरी लागणे शक्य नाही, आणि तरी जागा भरली एकच.