मात्रा कोण ठरवते?

कामामुळे होणाऱ्या आजारांचा विचार कायद्याने मुख्यतः पदार्थांच्या अंगाने केला आहे. १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत शिसे आणि पारा यांच्या विषबाधेपासून दगडाच्या धुळीने होणाऱ्या सिलिकोसिसपर्यंत आणि कापसाच्या धुळीने छाती आवळणाऱ्या बिसिनोसिसपर्यंत जे आजार नोंदले होते, त्यांतील बहुतेकांमागे बोट दाखवता येईल असे एखादे द्रव्य आहे. ताणाला अशी जागा मिळालेली नाही. तो ज्याच्या त्याच्या मनाचा प्रश्न समजला जातो. ही विभागणी चुकीची आहे, कारण घातक घटक शरीराला किती वेळ, किती वेगाने आणि किती विश्रांतीनंतर भिडतो, म्हणजेच त्याची मात्रा किती होते, हे कामाची आणि मजुरीची घडण ठरवते, आणि ताणही त्याच घडणीतून जन्मतो. महाराष्ट्रातील ऊसतोडीइतके याचे स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल.

ऊस कारखान्यात गाळला जातो, पण तो तोडणारे हात कारखान्याच्या फाटकाबाहेर राबतात आणि म्हणून कारखान्याच्या कायद्याबाहेरही राहतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड आणि शेजारच्या जिल्ह्यांतून निघणाऱ्या टोळ्या मुकादमाकडून उचल घेऊन, म्हणजे हंगामाची मजुरी आगाऊ घेऊन, बांधल्या गेलेल्या असतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो, मजुरी तोडलेल्या टनांवर ठरते, आणि कामावर न जाण्याच्या दिवसाला ‘खाडा’ म्हणतात, ज्याचा दंड उचलीच्या हिशेबात चढतो. ऊस तोडायचा, पाचट काढायचे, मोळ्या बांधून डोक्यावरून वाहनापर्यंत न्यायच्या आणि वाहन अपरात्री आले तरी ते भरून द्यायचे, अशी ही मेहनत आहे.

अशा मेहनतीत स्नायूंनी खर्च केलेल्या ऊर्जेचा फार मोठा भाग उष्णतेत बदलतो, आणि हवेचे तापमान त्वचेच्या तापमानाला गाठू लागले, जसे मार्च-एप्रिलमध्ये होते, की घामाखेरीज ती बाहेर टाकण्याचा मार्ग उरत नाही. पाणी कमी पडले की रक्ताचे आकारमान घटते, मूत्रपिंडांकडे जाणारा प्रवाह आक्रसतो आणि झिजलेल्या स्नायूंतील प्रथिनांचा भार त्याच मूत्रपिंडांवर पडतो. एका दिवसाची अशी इजा भरून येते. महिनोन् महिने रोज होणारी इजा मात्र व्रण मागे ठेवू शकते. एल साल्वादोर आणि निकाराग्वा येथील ऊसतोड्यांमध्ये गेल्या काही दशकांत जो मूत्रपिंडविकार पसरला, त्याच्या रुग्णांत मधुमेह किंवा उच्च रक्तदाब ही नेहमीची कारणे आढळली नाहीत. कारणांची चर्चा अजून मिटलेली नसली तरी उष्णतेतील अतिश्रमाकडे निर्देश करणारा पुरावा भक्कम आहे. निकाराग्वातील एका मोठ्या साखर कारखान्याने पाणी, सावली आणि सक्तीची विश्रांती यांची व्यवस्था वाढवल्यावर मूत्रपिंडाच्या इजा कमी झाल्याचे संशोधकांनी नोंदवले. कॅलिफोर्नियातील शेतमजुरांच्या एका अभ्यासात तर, दिवसाच्या पाळीत मूत्रपिंडाला इजा होण्याचा धोका तासावर मजुरी घेणाऱ्यांपेक्षा नगावर मजुरी घेणाऱ्यांत अधिक दिसला. ऊन दोघांच्या डोक्यावर सारखेच असताना पाणी प्यायला थांबण्याची किंमत मात्र एकालाच मोजावी लागत होती.

स्वीडिश कामगारांची आकडेवारी वापरणाऱ्या रॉबर्ट करासेक या समाजशास्त्रज्ञाने १९७९ साली मांडलेला सिद्धान्त इथे उपयोगी पडतो: कामाची मागणी मोठी आणि त्या कामावरचा स्वतःचा ताबा अल्प, अशा जागी ताण सर्वाधिक असतो. लंडनच्या सरकारी कचेऱ्यांतील, विषारी द्रव्यांशी संबंध नसलेल्या नोकरांच्या दीर्घ अभ्यासात खालच्या श्रेणीत हृदयविकाराचे प्रमाण जास्त आढळले आणि ताब्याचा अभाव हे त्याचे एक महत्त्वाचे कारण ठरले. ज्याची मजुरी आधीच घरखर्चात गेली आहे आणि ज्याला दुपारी सावलीला बसायचेही स्वातंत्र्य नाही, त्याच्या ताब्याविषयी वेगळे सांगायला नको.

स्त्रीच्या शरीरावर हे सारे एकदम येऊन आदळते. फडात शौचालय नसते, म्हणून ती पाणीच कमी पिते आणि लघवी रोखून धरते. कोपीवर, म्हणजे मुक्कामाच्या झोपडीवर, धुण्यापुरतेही पाणी नसते. संसर्ग, अंगावरून पांढरे जाणे, ओटीपोटातले दुखणे अंगावर काढले जाते, कारण दवाखाना म्हणजे खाडा. शेवटी ‘पिशवी काढून टाका’ हा सल्ला सुटकेसारखा वाटतो. २०१९ साली या शस्त्रक्रियांच्या चौकशीसाठी आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीसमोर आलेल्या पाहणीत बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. त्या सुमारास देशातील प्रमाण शंभरात तीनच्या आसपास होते. बीजांडकोशही काढले गेले तर रजोनिवृत्ती तिशी-पस्तिशीतच येते आणि हाडे ठिसूळ होण्याचा व हृदयविकाराचा धोका वाढतो. शस्त्रक्रियेचा खर्च पुढच्या उचलीतून फेडला जातो, म्हणजे जिने शरीर झिजवले तीच उचल आणखी वाढते. या स्त्रियांना अडाणी म्हणणे हा त्यांच्यावरचा दुसरा अन्याय आहे. त्यांनी आपल्यासमोर ठेवलेला हिशेब अचूक केला, हिशेबाच्या अटीच क्रूर होत्या.

याच काळात बीडमध्ये अशा शस्त्रक्रियेसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी आवश्यक करण्यात आली. तो निर्बंध योग्यच होता, परंतु तो साखळीच्या शेवटच्या कडीवर बसतो. पहिली कडी खाड्याची आहे. आजारपणाच्या आणि पाळीच्या दिवसाचा दंड बेकायदा ठरवणे, कोयत्याऐवजी स्त्रीची मजुरी तिच्या स्वतःच्या नावावर नोंदवणे आणि दुपारची विश्रांती भरपगारी करून तिचा भार कारखान्याच्या ताळेबंदावर टाकणे, ही कामे मजूर खात्याची मानली जातात. प्रत्यक्षात ती आरोग्य खात्याच्याही कार्यक्रमात पहिल्या ओळीत असायला हवीत.