निरपराधाचे प्रायश्चित्त

रावेर-फैजपूरच्या ज्या मुलखात 1936 च्या डिसेंबरात काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले आणि त्याच्या तयारीसाठी साने गुरुजी गावोगाव हिंडले, तेथे वाङ्मयातील ख्रिस्तसदृश पात्रांचा विचार करू लागले की दृष्टी प्रथम गुरुजींच्याच लेखनाकडे वळते. दोस्तोयव्हस्कीच्या प्रिन्स मिश्किनमध्ये किंवा मेल्व्हिलच्या बिली बडमध्ये ख्रिस्ताची छाया पाश्चात्त्य टीकाकारांनी दाखविली आहे. परंतु नुसते सोसल्याने अथवा अकाली मेल्याने कोणी ख्रिस्ताचे प्रतीक ठरत नाही. जामीन राहिलेल्याने कर्जदाराची रक्कम भरावी, तसे निरपराधाने अपराध्याचे ऋण राजीखुशीने शिरावर घेणे, हे त्या प्रतीकाचे मर्म होय.

आपल्या कर्मसिद्धांताला हे मर्म सहजासहजी मानवणारे नाही. ज्याचे कर्म त्यानेच भोगावे असा जेथे दंडक, तेथे परक्याचे पाप भोगणाऱ्याला स्थान कोठले? रेव्हरंड ना. वा. टिळकांचे 'ख्रिस्तायन' 1919 मध्ये त्यांच्या निधनाने अपुरे राहिले व पत्नी लक्ष्मीबाईंनी ते पुरे केले. त्यात ख्रिस्तचरित्र मराठी काव्यात अवतरले. पण तो भाव मराठी घरात वावरू लागला तो, माझ्या मते, 1933 साली नाशिकच्या तुरुंगात गुरुजींनी लिहिलेल्या 'श्यामची आई'मध्ये. ही आई कर्जापायी व जप्तीच्या अपमानाने खचून मरते, म्हणून मी असे म्हणत नाही. मोळी पडलेल्या वृद्ध महार स्त्रीच्या मदतीला ती मुलाला धाडते, परतल्यावर स्नान कर एवढीच रूढीशी तडजोड करते, आणि ज्या अन्यायाची ती कर्ती नव्हे त्याची भरपाई स्वतःच्या अंगणापासून आरंभते, म्हणून म्हणतो.

कर्मसिद्धांताला उत्तर येथेच सापडते. समाज हा एकच देह मानला, तर त्याच्या एका अवयवाने केलेले पाप दुसऱ्याला परके कसे राहील? विठ्ठलमंदिर हरिजनांना बंद होते, हा गुरुजींचा वैयक्तिक अपराध नव्हता. तरीही 1947 च्या मे महिन्यात पंढरपुरात त्यांनी प्राणांतिक उपोषण केले, ते सवर्णांच्या वतीने घेतलेले प्रायश्चित्त होते.

11 जून 1950 रोजी त्यांनी स्वहस्ते जीवन संपविले. त्या मृत्यूलाही क्रूसाची उपमा देण्याचा मोह होतो. वाचकांनी तो आवरावा. त्या दुःखापुढे मान लवावी, पण त्याला बलिदान म्हणू नये. गुरुजींच्या हातून झालेले प्रायश्चित्त पंढरपूरचे. विठ्ठलमंदिराचे दार सर्वांना मोकळे झाले, ते त्यामुळे.