साक्ष कोणाची?

एखादी गोष्ट खरी आहे, हे आपण कशावरून म्हणतो? प्रश्न जुना आहे. नैयायिकांनी चार प्रमाणे सांगून त्याचे उत्तर देऊन ठेवले आहे, तेव्हा तो पंडितांच्या वादाचा विषय समजून आपण सोडून देतो. परंतु अलीकडे तो अगदी अनपेक्षित ठिकाणी, महाविद्यालयाच्या वर्गात, नव्याने उभा राहिला आहे. विकिपीडिया नावाचा सार्वजनिक ज्ञानकोश २००१ साली सुरू झाला. त्याची मराठी आवृत्ती २००३ पासून चालू आहे. त्यातील लेख कोणीही लिहावेत आणि कोणीही सुधारावेत, अशी त्याची योजना. अमेरिकेतील अनेक महाविद्यालयांत विद्यार्थ्यांना नेहमीचा निबंध न देता या कोशातील लेख सुधारावयास देतात, आणि शिक्षण व सामाजिक विषमता हा विषयही या रीतीने अभ्यासिला जातो. विद्यार्थ्याचे लिखाण प्राध्यापकांच्या कपाटात धूळ खात न पडता कोणाच्या तरी उपयोगी पडावे, हा हेतू स्तुत्यच आहे. आम्हांस मात्र या उपक्रमाचे खरे महत्त्व त्याच्या उपयुक्ततेत नसून, तो करू पाहणाऱ्या तरुणाला जी अडचण येते तिच्यात आहे असे वाटते.

ती अडचण अशी. कोशाचा नियम आहे की प्रत्येक विधानाला छापील आणि विश्वसनीय आधार हवा. लेखकाने स्वतः पाहिलेले, घरी ऐकलेले किंवा स्वतः शोधून काढलेले तेथे चालत नाही. आता असा अभ्यास रायपुरात बसून करावयाचा, तर महासमुंद किंवा कांकेरकडून आलेला विद्यार्थी काय लिहील? आपल्या आजीला शाळा का मिळाली नाही, हे त्याला कोणत्याही ग्रंथापेक्षा अधिक ठाऊक असते. पण त्याला कोशात जागा नाही. उलट जे त्याने कधी पाहिले नाही, ते कोणा परदेशी अभ्यासकाने छापले असेल तर खुशाल लिहावे! त्याला हा अन्याय वाटला, तर त्याला मूर्ख म्हणता येणार नाही.

हा नियम व्यवहारात काय करतो, ते रायपूरच्याच इतिहासावरून पाहू. १८७७ साली विश्वनाथ दत्त हे कलकत्त्याचे वकील कामानिमित्त येथे येऊन राहिले. त्यांचा चौदा वर्षांचा मुलगा नरेंद्र त्यांच्याबरोबर होता. त्या काळी रायपुरात योग्य अशी शाळा नसल्यामुळे वडिलांनीच त्याला घरी शिकविले, असे चरित्रकार लिहितात. नरेंद्राचे पुढे स्वामी विवेकानंद झाले, म्हणून या एका मुलाची बुडालेली शाळा आज इतिहासाला ठाऊक आहे. त्याच वर्षी त्याच गावात आणि भोवतालच्या खेड्यांत ज्यांना शाळा मिळाली नाही, आणि घरी शिकविणारा वकील बापही मिळाला नाही, ती मुले कोठे आहेत? अशी मुले असलीच पाहिजेत, हे अनुमान कोणीही करील. पण त्यांतल्या एकाचेही नाव आधारासह लिहिता येणार नाही. याउलट राजकुमार कॉलेजविषयी लिहावयास बसा. संस्थानिकांच्या मुलांसाठी १८८२ साली जबलपुरास निघालेली आणि त्याच शतकाच्या अखेरच्या दशकात रायपुरास आलेली ही संस्था. तिच्याविषयी कागदांची वाण पडणार नाही. ज्याला शाळा मिळाली त्याला पुरावाही मिळाला. विषमता केवळ शाळेत राहत नाही. ती शाळेच्या इतिहासातही उतरते, आणि तेथून कोशात.

मग नियम सैल करावा काय? पुष्कळ उदार मनांना तसे वाटते. आम्हांस तसे वाटत नाही. ज्याच्या त्याच्या शब्दावर कोश चालू लागला, तर पहिला शब्द दुर्बळाचा असणार नाही. आमच्या गावात एकही मूल शाळेबाहेर नाही, असे गावचा धनवान पुढारी प्रथम लिहून मोकळा होईल आणि ज्यांची मुले बाहेर आहेत त्यांना ते वाचताही येणार नाही. शिवाय आधाराचा धाक नसला म्हणजे काय होते, याचा अनुभव आपल्याच पुण्याने घेतला आहे. २०११ साली तेथील काही महाविद्यालयांतून इंग्रजी विकिपीडियावर लेख लिहिण्याचा मोठा उपक्रम सुरू झाला. शेकडो विद्यार्थी लिहू लागले, आणि त्यांतील पुष्कळांनी पुस्तकांतील व संकेतस्थळांवरील मजकूर जसाच्या तसा उतरविला. तो निपटून काढता काढता जगभरचे स्वयंसेवक थकले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तो प्रयोग आवरावा लागला. विद्यार्थ्यांना दोष देणे सोपे आहे. पण जी शिक्षणपद्धती वर्षानुवर्षे दुसऱ्याचे वाक्य बिनचूक उतरविणाऱ्यालाच गुण देत आली, तिने घडविलेल्या मुलांनी दुसरे काय करावयाचे होते? शाळेविषयी लिहावयास बसावे आणि लिखाणातून शाळाच बोलावी, असा तो प्रकार.

तेव्हा नियम राहू द्यावा. पण तो ज्या समजुतीवर उभा आहे ती तपासून घ्यावी. शब्दप्रमाणाचा विचार करताना आपल्या प्राचीनांनी आप्त कोणास म्हणावे हे सांगितले आहे: ज्याने वस्तू प्रत्यक्ष जाणली आहे आणि ती जशी आहे तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. वात्स्यायनाने तर न्यायभाष्यात हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या तिघांना सारखेच लागू पडते असे स्पष्ट म्हटले आहे. त्या काळी हे लिहिणे लहानसहान गोष्ट नव्हती. साक्षीची योग्यता कुळावर नाही, जाणण्यावर आहे, हे त्याने तत्त्व म्हणून मान्य केले. आजच्या कोशाने आप्ताच्या जागी छापील पान बसविले. सोयीसाठी बसविले, हे खरे. पण छापील पान म्हणजे तरी काय? कोणी तरी कोणास विचारले, त्याने सांगितले, आणि ते कोणी तरी लिहून घेतले, एवढेच.

साक्षरतेचा आकडा घ्या. २०११ च्या जनगणनेत छत्तीसगडातील स्त्रियांची साक्षरता ६०.२४ टक्के भरली, पुरुषांची ८०.२७. हे आकडे कोशात निर्वेध जातात. त्यांना कोणी हरकत घेत नाही. पण ते तयार कसे झाले? सात वर्षे वा त्यावरील वयाच्या ज्या व्यक्तीला कोणत्याही भाषेत समजून लिहिता-वाचता येते ती साक्षर, अशी व्याख्या. प्रगणक दारात येतो, तोही बहुधा शाळामास्तरच. घरातल्या कोणाला तरी विचारतो आणि मिळेल ते उत्तर लिहून घेतो. परीक्षा घेत नाही. म्हणजे त्या निर्विवाद आकड्याच्या पोटात लक्षावधी घरांतील साक्षीच भरलेल्या आहेत. आजी नातवाला सांगते तेव्हा ती आठवण होते. तीच आजी प्रगणकाला सांगते तेव्हा तिचे तथ्य बनते. मधे बदलले काय? सांगणारी तीच, सांगितलेले तेच. बदलला तो लिहून घेणारा. शिवाय आजीने सांगितले असते तर शाळा का मिळाली नाही हेही सांगितले असते. प्रगणकाच्या रकान्यात ‘का’ला जागाच नव्हती.

जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन केले. रयतेकडून जमणारा महसूल वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्ची पडतो आणि बहुजनांचे प्राथमिक शिक्षण उपेक्षित राहते, असे त्यांनी तेथे बजावले. ते आज कोणत्याही कोशात आधारासह लिहिता येते. फुले थोर होते म्हणून, हे तर खरेच. पण आयोगाने साक्षी नोंदविल्या आणि छापल्या, म्हणूनही. त्याच शाळांविषयी त्याच वर्षी एखाद्या शेतमजुराने चावडीवर काही सांगितले असेल, तर ते हवेत गेले.

येथे हा प्रश्न आमच्या वाचकांच्या दाराशी येतो. आपल्यापैकी बहुतेक जण सरकारी नोकरीच्या निमित्ताने परप्रांतात राहणारे, फिरतीवर जाणारे, तपासणीचे शेरे लिहिणारे. १९०९ साली नेल्सनने संपादिलेले रायपूर जिल्ह्याचे गॅझेटिअर आजही आधार म्हणून दाखविले जाते; १९१६ साली रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी मध्यप्रांतातील जातिजमातींवर लिहिलेले चार खंडही तसेच. ही सारी कामे अधिकाऱ्यांची. गोंडांविषयी गोंडाने काय म्हटले, हे शोधू जाता अधिकाऱ्याने काय टिपले तेच हाती येते. आपले शेरे इतके दिवस टिकणार नाहीत, असे समजण्यास आधार नाही. खातेनिहाय अहवालात ते मिसळतात, अहवाल छापला जातो, आणि वीस वर्षांनी एखादा विद्यार्थी त्याचा हवाला देतो.

एकच शब्दप्रयोग पाहा. आपण ‘शाळा सोडल्याचा दाखला’ देतो. सोडणारा कोण? व्याकरणाने मूल. ‘गळती’ म्हणतो तेव्हा निदान भांड्याला भोक असल्याची शंका तरी राहते. ‘सोडली’ म्हटले की सारा दोष मुलाच्या माथी. बस्तरात २००५ नंतरच्या हिंसाचारात शाळांच्या इमारती उद्ध्वस्त झाल्या, कित्येकींत सुरक्षादले राहिली. त्या इमारती रिकाम्या करण्याचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि पुढे मुलांसाठी पोर्टा केबिन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या निवासी शाळा उभारल्या गेल्या. त्या काळात ज्या मुलाचे शिक्षण थांबले त्याच्या नावापुढे ‘शाळा सोडली’ असे कोणी लिहिले असेल, तर त्याने निःपक्षपातीपणे लिहिले असे म्हणता येईल काय? कोशाला निःपक्षपाती भाषा हवी असते आणि विद्यार्थी ती सरकारी कागदातून उचलतो, कारण ती थंड असते. थंडपणा म्हणजे निःपक्षपात नव्हे, हे त्याला कोणी शिकविलेले नसते. पण असा कर्ता-क्रियापदाचा विचार करावयास लागलेला विद्यार्थी दहा व्याख्यानांत शिकणार नाही इतके एका वाक्यात शिकतो. आम्ही या उपक्रमाच्या बाजूचे आहोत ते यामुळे.

भाषेचाही एक पेच आहे. छत्तीसगडी ही मातृभाषा सांगणारे २०११ साली १ कोटी ६२ लाख होते. हिरालाल काव्योपाध्याय या शिक्षकाने तिचे व्याकरण १८८५ सालीच लिहिले, आणि १८९० साली ग्रियर्सनने ते इंग्रजीत आणले. तरी शाळेविषयीचा छापील आधार शोधणाऱ्याला तो हिंदीत वा इंग्रजीतच शोधावा लागतो. परभाषेत राहून आपली भाषा जपणाऱ्या आपल्यासारख्यांना हे समजावून सांगण्याची गरज नसावी. माधवराव सप्रे घरी मराठी बोलत आणि हिंदीसाठी झिजले. पेंड्र्याहून त्यांनी १९०० साली ‘छत्तीसगढ मित्र’ काढले, काशीच्या नागरी प्रचारिणी सभेच्या विज्ञानकोशासाठी अर्थशास्त्राची परिभाषा रचली, आणि रायपुरात मुलींसाठी पाठशाळाही काढली. सप्रे कोशात आहेत. त्या पाठशाळेत पहिल्या दिवशी येऊन बसलेल्या मुली नाहीत.

पुढील जनगणनेचा संदर्भदिनांक १ मार्च २०२७ असा जाहीर झाला आहे. पुन्हा मास्तर वर्ग सोडून दारोदार जातील, पुन्हा साक्षर की निरक्षर असे विचारतील, आणि या वेळी उत्तर कागदाऐवजी यंत्रावर नोंदवितील. त्यांच्यावर देखरेख करणाऱ्यांत आमचे काही वाचकही असतील. दारात उभी असलेली बाई ‘नाही’ म्हणून पुढे आणखी काही सांगू लागली, तर प्रगणकाने ते ऐकून घ्यावे की पुढच्या घराकडे वळावे, हे कोणत्याही सूचनापुस्तिकेने ठरविण्याजोगे नाही.