वायर कोणाच्या क्षेत्रातली?

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या नेवाशात पैस खांब आहे. त्याला टेकून ज्ञानेश्वरांनी शके १२१२मध्ये, म्हणजे इ. स. १२९०मध्ये, गीतेवरची टीका सांगितली, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. त्या गीतेचा तेरावा अध्याय देहाला क्षेत्र म्हणतो आणि त्याला जाणणाऱ्याला क्षेत्रज्ञ. पंचमहाभूतं, इंद्रियं, मन, बुद्धी तर क्षेत्रात येतातच. इच्छा, द्वेष, सुख, दुःखही त्यातच मोडतात. मग छातीत बसवलेली पेसमेकरची वायर कशात धरायची?

ती काढायची वेळ आली की हा प्रश्न पोथीतला राहत नाही. जेमतेम दोन मिलिमीटर जाडीची ही वायर गळपट्टीच्या हाडाखालच्या शिरेतून हृदयाच्या उजव्या कप्प्यात उतरते. काळ जाईल तसा तिच्याभोवती घट्ट व्रण धरतो आणि ती शिरेला, हृदयाच्या स्नायूला चिकटते. मग ती नुसती ओढून निघत नाही. डॉक्टर तिच्या पोकळीत तार अडकवतात, वरून नळी सरकवतात आणि लेसरने किंवा फिरत्या पात्याने व्रण सोडवत जातात. मोठी शीर फाटण्याचा धोका कमी असला तरी जीवघेणा असतो. म्हणून हृदयाचे सर्जन तयारीत लागतात.

शरीराने इतकी जखडून धरलेली वस्तू क्षेत्रातलीच म्हणायला हवी. पण क्षेत्रज्ञ तिच्याहून वेगळा. स्टॉकहोममध्ये १९५८ साली आर्ने लार्सन यांना शरीराच्या आत बसवलेला जगातला पहिला पेसमेकर मिळाला. २००१ साली वारेपर्यंत त्यांची वीसहून अधिक यंत्रं बदलली. लार्सन तेच राहिले.

वायरवर जंतू बसले, तर नुसत्या औषधांनी सहसा भागत नाही. पेसमेकरची डबी आणि वायरी, सगळंच काढावं लागतं. तिथे ‘देह नश्वर, कशाला त्रास’ म्हणणं हे वैराग्य नव्हे, हयगय आहे. उलट वायर नुसती निकामी झाली असेल आणि माणूस थकलेला असेल, तर ती आत ठेवून शेजारी नवी घालता येते.

आपल्याकडे अशा वेळी आईच्या वतीने मुलगाच बोलतो आणि सहीही तोच करतो. ती शुद्धीवर असेल, तर दोन्ही वाटांचे धोके तिच्यासमोर, तिला कळेल अशा मराठीत मांडले पाहिजेत आणि हो-नाही तिच्याच तोंडून यायला हवं. क्षेत्र तिचं आहे.