तीनशे दीनारांचा प्रश्न

एखाद्या माणसाने स्वतःच्या घामाचा पैसा स्वतःच्या आनंदासाठी खर्च करावा की करू नये, आणि करावा तर किती करावा, हा प्रश्न तसा जुनाच आहे. आम्ही मात्र त्याचा कधी नीटसा विचार केला नव्हता. रविवारची मिस्सा आटोपून दारात बोलत उभे राहण्याचा आमचा परिपाठ आहे. तिथेच एके दिवशी आमच्या पुतण्याने हा प्रश्न पुढे टाकला आणि आमची झोप मोडली.

आम्ही कळमेश्वरचे. थोरल्या बंधूंची सारी हयात येथील औद्योगिक वसाहतीत पाळीच्या कामात गेली. त्यांचा मुलगा शिकला, नागपुरात नोकरीला लागला. लहानपणापासून त्याला एकच वेड. दूर इंग्लंडातल्या लिव्हरपूल नावाच्या फुटबॉल संघाचे. २००५ सालच्या मे महिन्याच्या २५ तारखेला इस्तंबूलला युरोपच्या चषकाचा अंतिम सामना झाला. आपल्याकडे तेव्हा मध्यरात्र उलटली होती. विदर्भातला उन्हाळा, गच्चीवर अंथरुणे, आणि खाली खोलीत बापलेक दूरचित्रवाणीसमोर. मध्यंतराला लिव्हरपूल मिलानच्या संघाविरुद्ध तीन गोलांनी मागे होते. बंधू म्हणाले, "चल, झोप आता." पोरगा हलला नाही. पुढे तीनही गोल फिटले आणि पेनल्टी किकांवर लिव्हरपूल जिंकले. पहाटे बंधू पहिल्या पाळीला तसेच न झोपता गेले. त्या रात्रीपासून हा संघ आमच्या घरात मुक्कामालाच आला असे म्हणावयास हरकत नाही.

आता त्या मुलाच्या मनात आले की तो संघ अॅनफिल्डच्या मैदानावर एकदा तरी प्रत्यक्ष पाहावा. तीन वर्षे त्याने पैसे बाजूला टाकले. दोन मित्र सोबतीला मिळाले. पारपत्र, व्हिसा, नागपूरहून मुंबई आणि तिथून पुढचे विमान, राहण्याची सोय असा सारा हिशेब त्याने वहीत मांडला. सामन्याचे तिकीट म्हणजे काही आपल्याकडच्या सिनेमाचे तिकीट नव्हे. क्लबचे सभासदत्व घ्यावे लागते, सोडतीत नाव निघावे लागते. शिवाय दूरचित्रवाणीच्या सोयीसाठी सामन्याचा वार आणि वेळ मागाहून बदलतात, तेव्हा शनिवारचे म्हणून ठरविलेले सोमवारवरही जाऊ शकते. माणशी खर्च अडीच लाखांच्या घरात जात होता.

आम्ही तो आकडा ऐकला आणि विचार न करताच बोलून गेलो, "अरे, नव्वद मिनिटांच्या खेळासाठी एवढा पैसा? आपल्या गावात रोजंदारीवर जाणारा माणूस वर्षभर राबून जेवढे मिळवतो तेवढा?"

पोराने शांतपणे उत्तर दिले, "काकाजी, तुम्ही गोव्याले गेले होते, तेव्हा तुम्हाले कोणी विचारलं का?"

आम्ही निरुत्तर झालो. संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांचे दर्शन दर दहा वर्षांनी खुले होते. २०२४ च्या नोव्हेंबरच्या २१ तारखेपासून २०२५ च्या जानेवारीच्या ५ तारखेपर्यंत जुन्या गोव्यात तो सोहळा झाला, आणि आम्ही सहकुटुंब गेलो होतो. रांगेत उभे राहिलो, दर्शन घेतले, डोळे भरून आले. हे खरेच. पण त्या प्रवासात आम्ही समुद्रकिनाऱ्यावरही दोन दिवस काढले, काजूच्या पिशव्या आणल्या, मासळीवर ताव मारला, हेही तितकेच खरे. त्या सर्व खर्चाला आम्ही 'यात्रा' हे एकच नाव दिले होते आणि ते नाव दिल्यामुळे हिशेब मागण्याची कुणाला गरज वाटली नाही. नावाच्या पांघरुणाखाली आपण किती काय झाकतो!

यावर कुणी म्हणेल, यात्रा आणि खेळ यांची तुलनाच कशी होईल? एका ठिकाणी श्रद्धा आहे, दुसऱ्या ठिकाणी करमणूक. हे आम्हालाही मान्य आहे. मैदान म्हणजे मंदिर नव्हे आणि खेळाडू म्हणजे संत नव्हेत. तसे मानणारा स्वतःची फसवणूक करतो. परंतु दोहोंच्या मुळाशी एक समान ओढ आहे, ती नाकारता येत नाही. आषाढात आमच्या तालुक्यातील धापेवाड्याला विठ्ठलाच्या दर्शनासाठी दिंड्या येतात. विठ्ठलाची तसबीर घरोघरी असतेच, तरी माणसे पायी चालत येतात. का? ज्याच्यावर प्रेम आहे त्याच्यासमोर स्वतः जाऊन उभे राहावे, असे माणसाला वाटते म्हणून. चित्रात पाहणे वेगळे आणि समोर असणे वेगळे. आम्हा कॅथलिकांना हे वेगळे सांगावयास नको. आजारी माणसाने दूरचित्रवाणीवरील मिस्सेत सहभागी होणे चांगलेच, पण धडधाकट माणसाने तेवढ्यावर भागवू नये, असे आपण मानतो ते याच कारणाने.

मग करमणूक म्हणून तरी ती गौण ठरते काय? संत थॉमस अक्वायनस यांच्यासारख्या गंभीर तत्त्वज्ञाने आपल्या महाग्रंथात खेळाचा प्रश्न मुद्दाम हाताळला आहे. तिथे ते संत योहानाविषयीची एक जुनी कथा सांगतात. शिष्यांसोबत खेळताना त्यांना पाहून काही लोकांना वाईट वाटले. तेव्हा योहानाने त्यांच्यातील एका धनुर्धाऱ्याला बाण सोडावयास सांगितले, पुन्हा सांगितले, आणि मग विचारले की हे असे अखंड करता येईल का? तो म्हणाला, तसे केले तर धनुष्य मोडेल. मनाचेही तसेच आहे, असे योहानाने त्यांना समजावले. खेळात अतिरेक हा दोष आहेच, पण मुळीच न खेळणे आणि दुसऱ्यांच्या आनंदावर विरजण घालणे हाही दोषच, असे संत थॉमस यांचे मत आहे. तेव्हा विरजण घालण्यापूर्वी आम्ही थांबलो.

मात्र आमच्या मनातून त्या रोजंदारीच्या माणसाचा आकडा जाईना. आणि एकदम आठवले की हाच हिशेब शुभवर्तमानात कुणीतरी अगोदर मांडलेला आहे. बेथानीच्या घरी मरियेने अतिमूल्यवान सुगंधी तेल प्रभू येशूच्या चरणांवर ओतले, तेव्हा यहूदा इस्कार्योत कुरकुरला की हे तीनशे दीनारांना विकून पैसे गरिबांना का दिले नाहीत? द्राक्षमळ्यातील मजुरांच्या दाखल्यात एका दिवसाची मजुरी एक दीनार आहे. म्हणजे शब्बाथ वगळता तीनशे दीनार ही मजुराची वर्षाचीच कमाई झाली. आम्ही पुतण्याला जो प्रश्न विचारला तो शब्दशः यहूदाचा होता, हे ध्यानात येऊन आम्ही वरमलो.

पण म्हणून पुतण्याची बाजू आपोआप खरी ठरत नाही. मरियेने ते तेल स्वतःच्या केसांना लावले असते तर प्रभूने तिची पाठराखण केली असती काय? तिने ते दुसऱ्यासाठी ओतले. जो तिच्यासमोर होता आणि लवकरच नसणार होता, त्याच्यासाठी. प्रभूच्या उत्तराचा रोख तोच आहे की गरीब तुमच्याजवळ सदैव आहेत, मी सदैव नाही. या वाक्याचा पूर्वार्ध पुष्कळजण सोयीने वापरतात, जणू गरिबी कायमची आहे तेव्हा तिची चिंता नको. परंतु अनुवाद ग्रंथाच्या पंधराव्या अध्यायात ज्या ठिकाणी हे शब्द प्रथम येतात, तिथे त्यांच्या पाठोपाठ आज्ञा आहे की म्हणूनच तू आपला हात मोकळा सोड. गरीब सदैव आहेत याचा अर्थ ते कर्तव्यही सदैव आहे.

हे सारे आम्ही पुतण्याला एका संध्याकाळी सांगितले. त्याने वाद घातला नाही. उलट त्याने आम्हाला दोन गोष्टी सांगितल्या, ज्या आम्हाला ठाऊक नव्हत्या. लिव्हरपूल शहरातील सेंट डोमिंगो या मेथॉडिस्ट चर्चच्या मुलांनी १८७८ साली फुटबॉल संघ काढला, पुढच्या वर्षी त्याचे नाव एव्हर्टन झाले, आणि १८९२ साली मैदानाच्या भाड्यावरून तंटा होऊन अॅनफिल्डवर लिव्हरपूल हा निराळा संघ उभा राहिला. म्हणजे या साऱ्या डामडौलाचे मूळ एका चर्चच्या पोरांच्या खेळात आहे. दुसरी गोष्ट अधिक मोलाची. या दोन हाडवैरी संघांच्या चाहत्यांनी २०१५ साली एकत्र येऊन एक उपक्रम सुरू केला. सामन्याच्या दिवशी मैदानाबाहेर उभे राहून ते शहरातील गरजू कुटुंबांसाठी धान्य आणि खाद्यपदार्थ गोळा करतात. खेळ पाहावयास जाणारा माणूस दारातच भुकेल्याला भेटतो आणि मग आत जातो. बेथानीच्या प्रश्नाला त्या लोकांनी आपल्यापुरते दिलेले हे उत्तरच म्हणावयाचे.

आम्हीही त्याला एक गोष्ट सांगितली. २०२५ च्या एप्रिलमध्ये निवर्तलेले पोप फ्रान्सिस हे अर्जेंटिनातील सान लोरेन्झो या संघाचे जन्माचे चाहते आणि सभासद. हा संघ १९०८ साली लोरेन्झो मासा या सालेशियन धर्मगुरूच्या आश्रयाने उभा राहिला. रस्त्यावर खेळणाऱ्या पोरांना त्यांनी आपल्या आवारात जागा दिली होती. परंतु १९९० साली या भावी पोपने कार्मेल मातेला नवस केला की यापुढे दूरचित्रवाणी पाहावयाची नाही, आणि तो पाळला. पुढे व्हॅटिकनमध्ये एक स्विस शिपाई त्यांना दर आठवड्याला सामन्यांचे निकाल कळवीत असे. २०१४ साली त्यांच्या संघाने दक्षिण अमेरिकेचा मोठा चषक जिंकला, तोही त्यांनी पडद्यावर पाहिला नाही. प्रेम तेवढेच राहिले, पाहण्याचा हट्ट सुटला. पुतण्या हसून म्हणाला, "काकाजी, मी काही पोप नाही." तेही खरेच. पण ज्याला एखादी गोष्ट सोडता येते, त्याचेच ती धरणे निर्मळ असते, एवढे त्याने मान्य केले.

याच सुमारास व्हिसाच्या कागदपत्रांचे काम सुरू झाले होते. बँकेतील शिल्लक दाखवावी लागते. एका मध्यस्थाने सल्ला दिला की काही दिवसांपुरते उसने पैसे खात्यात भरा, शिल्लक फुगलेली दिसेल, मग काढून घ्या. सामन्याचे तिकीटही सोडतीविना, दुप्पट-तिप्पट दराने, दुसऱ्याच्या नावाचे मिळवून देतो म्हणाला. इंग्लंडात फुटबॉलच्या तिकिटांची अशी विनापरवाना विक्री १९९४ पासून गुन्हा आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी प्रश्न उरतोच. ज्या आनंदाची सुरुवात खोट्या कागदाने होते, तो मैदानावर पोचेपर्यंत निर्भेळ कसा राहील? इथे मात्र आम्ही 'नाही' म्हणावयास कचरलो नाही. खर्च किती हा ज्याच्या त्याच्या सदसद्विवेकाचा भाग असेल, असत्य हा नव्हे.

आणि पारपत्रावरून नागपूरच्याच एका हकिकतीची आठवण झाली. हिस्लॉप महाविद्यालयातील क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी पावसात फुटक्या बादलीला लाथा मारीत खेळणारी झोपडपट्टीतील मुले पाहिली आणि २००१ साली त्यांना मैदानावर आणले. त्यातून 'स्लम सॉकर' उभे राहिले आणि वस्त्यांतील मुले बेघरांच्या विश्वचषकासाठी परदेशी जाऊन खेळली. २०२२ साली आलेला 'झुंड' हा चित्रपट याच कामावर बेतलेला. त्यात पोरांची खरी झुंज मैदानावर नसून पारपत्रासाठी लागणाऱ्या कागदांशी आहे. आपण अमुक आहोत एवढे सिद्ध करणेही ज्यांना कठीण, अशी मुले आपल्याच जिल्ह्यात खेळत आहेत आणि आपण त्यांच्या मैदानाच्या कडेला कधी उभे राहत नाही.

इथे आमचा सारा विचार एका ठिकाणी येऊन थांबला. पुतण्याचे म्हणणे होते की पडद्यावर पाहणे आणि समोर असणे यांत फरक आहे, आणि त्या फरकासाठी अडीच लाख खर्च करणे योग्य आहे. आम्ही ते म्हणणे मान्य करतो. पण मग समोर असण्याला एवढी किंमत असेल, तर जिथे समोर असावयास दमडीही लागत नाही तिथे आपण गैरहजर का? वसाहतीजवळच्या मोकळ्या जागेत संध्याकाळी पोरे अनवाणी चेंडू खेळतात, तिथे. आजारी शेजाऱ्याच्या खाटेपाशी. आणि ज्याने एका रात्री झोप मोडून मुलासोबत सामना पाहिला आणि पहाटे कामावर गेला, त्या बापाच्या सोबतीत. दूरच्या हजेरीचा हक्क जवळच्या हजेरीतून येतो, असे आम्हाला वाटते.

दोन-तीन आठवड्यांनी पुतण्या वही घेऊन आला. त्याने मित्रांना कळविले होते की यंदा जमणार नाही. पुढल्या हंगामात तो वडिलांना घेऊन जाणार होता. त्यामुळे खर्च दुप्पट होत होता, आणखी वर्षभर बचत करावी लागणार होती, आणि खात्यातील शिल्लकही खरी असणार होती. नवल असे की खर्च दुप्पट झाला आणि आमचा आक्षेप अर्धा झाला. अर्धाच म्हणतो आम्ही. उरलेल्या अर्ध्यासाठी वहीच्या खालच्या ओळीत त्याने एक रक्कम वेगळी लिहिली होती, पोरांसाठी चेंडू आणि बूट. ती पुरेशी आहे की नाही हे आम्ही त्याला विचारले नाही. आम्ही गोव्याला जाताना अशी ओळ लिहिली नव्हती.

बंधूंना हे कळले तेव्हा ते प्रथम रागावले. तिथे थंडी असते, म्हातारपणी हे काय खूळ, घरूनच चांगले दिसते, वगैरे. मग त्यांनी चौकशी केली की रविवारी मिस्सेची सोय होईल ना. लिव्हरपूलमध्ये ख्रिस्तराजाचे मोठे कॅथेड्रल आहे असे पोराने सांगितले. त्यावर ते काही बोलले नाहीत. परवा संध्याकाळी मात्र आम्ही वसाहतीकडून येत होतो, तेव्हा मोकळ्या जागेच्या कडेला पोरांचा खेळ पाहत उभे असलेले दिसले. आम्हीही जाऊन शेजारी उभे राहिलो. अंधार पडून चेंडू दिसेनासा होईपर्यंत दोघेही तिथेच होतो.