कुंडीशेजारी बसताना

कुंडीसमोर बसा. खुर्ची नको, खाली मांडी घाला, म्हणजे डोळे पानांच्या उंचीवर येतील. हातात झारी नको, खताची पुडीही नको. मानकोलीत राहत असाल तर नाक्यावरच्या कंटेनरचे हॉर्न, गोदामांकडे वळणाऱ्या ट्रकची घरघर कानावर येतच राहील. येऊ द्या. श्वास सावकाश होऊ द्या आणि फक्त पानं बघा.

आधी शेंड्याचं कोवळं पान, मग बुंध्याजवळचं जुनं. पिवळं कोणतं पडलंय?

जुनी पानं पिवळी आणि शेंडा हिरवा असेल, तर बहुधा नत्र कमी पडतंय. झाड जुन्या पानातलं नत्र काढून नव्याला देतं. पण कोवळं पानच पिवळं असेल आणि त्यात शिरा तेवढ्या हिरव्या, अगदी बारीक जाळी आखल्यासारख्या उठून दिसत असतील, तर लोहाची उपासमार आहे. लोह एकदा पानात गेलं की झाडाला ते तिथून हलवता येत नाही, म्हणून चटका नव्या पानाला बसतो.

इथे थोडं थांबा. कुंडीत लाल माती आहे. माथेरानला चढताना पायाला लागते ती माती लाल का असते? लोहामुळेच. म्हणजे झाड लोहातच उभं आहे आणि लोहावाचून पिवळं पडतंय. गोदाम मालाने भरलेलं, पण शटर बंद. ही गोष्ट मनात नीट मुरू द्या, कारण घाईने आणलेलं बरंचसं खत याच बंद शटरपुढे नेऊन टाकलं जातं.

शटर बंद होतं ते आम्लता घटल्यामुळे. ती मोजायची पट्टी, पीएच, सॉरेन्सन या डॅनिश रसायनशास्त्रज्ञाने 1909 साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत मांडली. बिअर बनवणाऱ्यांची ती प्रयोगशाळा. 7 म्हणजे मध्य, खाली आम्ल, वर अल्कधर्मी. दिसायला आकडे शेजारी शेजारी असले तरी प्रत्येक पायरी दहा पटींची असते. 8 पीएचच्या मातीत 6 पीएचच्या मातीपेक्षा आम्लता शंभर पट कमी. आणि लोहाचं विरघळणं तर दर पायरीला हजार पटींपर्यंत घटतं. कुंडीतल्या बहुतेक झाडांना 6 ते 7 मानवतं. त्या पट्ट्यात लोह, जस्त, स्फुरद सगळंच मुळांना थोडंथोडं मिळत राहतं.

आता नजर पानांवरून खाली आणा. कुंडीच्या काठावर पांढरी खरवड दिसते का? बोटाने घासून बघा. बोअरवेलचं किंवा टँकरचं जड पाणी बेसाल्टच्या भेगांतून येताना कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट घेऊन येतं. पाणी उडून जातं, ते मागे राहतं. रोजचा एक तांब्या, वर्षभर. कुंडी सिमेंटची आणि नवी असेल तर तिच्या अंगातूनही चुना झिरपतो. माती कुठून आणली तेही आठवा. मानकोली, अंजूर या पट्ट्यात भातखाचरं भराव टाकून गोदामांखाली गेली. असल्या भरावातून माती उचलली असेल तर चिमूटभर तळहातावर घ्या, अंगठ्याने पसरवा. राखाडी, टणक कण हाताला लागतील. तो गिलावा आहे, सिमेंट आहे. शेतात माती खोल असते, मुळं दुसरीकडे वळतात. कुंडीतल्या मुळाला वळायला वीतभरही जागा नाही. याची मला खरंच काळजी वाटते: झाडाची सगळी दुनिया आपण मूठमूठ भरतो, आणि काय भरतोय ते बघत नाही.

डोळे मिटा. मुळाचं टोक मनासमोर आणा. ते गप्प बसलेलं नसतं. लोह मिळेना झालं की जास्वंदीसारखी बहुतेक झाडं मुळातून आम्ल सोडतात आणि स्वतःभोवतीची तसूभर माती आंबट करून घेतात, लोह सोडवून घेतात. पण पाण्यातलं बायकार्बोनेट ते आम्ल तिथल्या तिथे मारून टाकतं. झाड सोडतंय, पाणी पुसतंय. असं रोज. या झटापटीपाशी जरा वेळ राहा.

डोळे उघडा. जास्वंदीचं लाल फूल असेल तर पाकळ्या गरम पाण्यात भिजवा. रंग उतरला की तीन वाट्यांत ओता. एकीत लिंबाचे थेंब: रंग गुलाबी, तेजाळ होतो. दुसरीत खायच्या चुन्याची निवळी: हिरवट. तिसरीत कुंडीतली माती बॅटरीत भरायच्या डिस्टिल्ड पाण्यात (आम्लात नव्हे) ढवळून, निवळवून वरचं पाणी घाला आणि रंग कुठल्या बाजूला झुकतो ते पाहा. यातून दिशाच कळते, आकडा नाही. आकड्यासाठी पीएचची पट्टी किंवा माती परीक्षण हवं. हळद आणि चुन्यापासून कुंकू करणाऱ्या घरांना रंगाची ही भाषा नवी नाही.

मग उपाय, आणि तोही मुळाच्या गतीने. पहिला उपाय आकाशातला आहे. पावसाचं पाणी हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे मुळातच किंचित आम्ल असतं, 5.6 च्या आसपास. आपल्याकडे पाऊस भरभरून पडतो आणि कुंड्या छज्ज्याखाली कोरड्या राहतात, हे मला मान्य नाही. त्या बाहेर सरकवा. तळाच्या भोकातून पाणी वाहू द्या, खरवड त्याबरोबर जाईल. पावसाळा सोडून इतर दिवसांत कुजलेल्या पालापाचोळ्याचं खत, कोकोपीट घाला. मातीचा पीएच फारच चढला असेल तर चिमूटभर गंधकाची भुकटी वरच्या थरात मिसळा. गंधक स्वतः आंबट नसतं. मातीतले जिवाणू ते खाऊन आम्ल बनवतात, आणि त्यांना ऊब, ओल आणि काही आठवडे लागतात. म्हणून आठ दिवसांत पुन्हा गंधक नको. व्हिनेगरने दोन दिवस आकडा खाली येतो, मग होता तिथे. वापरलेल्या चहापत्तीने माती सुटी होईल, आंबट फारशी होणार नाही.

एक फरक मात्र मनात वेगळा ठेवा. उल्हास खाडीकडची माती खारी असू शकते. खारेपणा आणि अल्कधर्मीपणा एक नाही. खाऱ्या मातीला गंधकाआधी गोडं पाणी आणि चांगला निचरा लागतो. पनवेलला खार जमिनीसाठी वेगळं संशोधन केंद्र आहे ते उगीच नाही.

आणि उलटंही घडतं. वर्षानुवर्षं युरिया किंवा अमोनियम सल्फेट पडलेली, पावसाने धुतलेली कुंडी फार आंबट होते. स्फुरद अडकून बसतं, मुळं आखूड राहतात. तिथे राख. या भागातली जुनी माणसं पावसाआधी राब भाजायची: शेण, ऐनाच्या डहाळ्या, पाला, वर मातीचा थर, आणि आग. तणाचं बी जळायचं, राखेतलं पोटॅश आणि चुना भाताच्या रोपांना मिळायचा. कुंडीला चमचाभर पुरे, तीही लाकडाची, कोळशाची नको. अनंताच्या कुंडीत तर अजिबात टाकू नका, त्याला 5 ते 6 चीच माती लागते.