पिसलेल्या पत्त्यांतले दैव आणि पुरुषार्थ

पत्त्यांच्या नेहमीच्या खेळात ५२ पत्त्यांचा एकच कॅट सगळ्यांना वाटला जातो. संग्रही पत्त्यांच्या खेळात मात्र प्रत्येक जण आपला कॅट, म्हणजे डेक, स्वतः बांधून आणतो. ही परंपरा रुजली ती गणितज्ञ रिचर्ड गारफिल्ड यांच्या ‘मॅजिक: द गॅदरिंग’ या १९९३ मध्ये अमेरिकेत आलेल्या खेळाने. पत्ते निवडतो खेळाडू, पण पिसल्यावर ते कोणत्या क्रमाने येतील हे त्याच्या हाती नसते. मग जय कोणाचा, पुरुषार्थाचा की दैवाचा?

गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्म सिद्धीस जाण्याची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण म्हणजे साधने, विविध चेष्टा आणि पाचवे दैव. या खेळात ती वेगवेगळी दिसतात. नियमांची चौकट हे अधिष्ठान, खेळाडू हा कर्ता, डेक हे करण, प्रत्येक खेळी ही चेष्टा आणि पिसणे हे दैव. दैव यादीत आहे, पण पाचांपैकी एक म्हणून.

पुरुषार्थाची सुरुवात साधनापासून होते. रूढ प्रकारात डेक किमान ६० पत्त्यांचा असतो. ‘लँड’ या शक्ती पुरवणाऱ्या पत्त्यांपैकी मूळ लँड सोडले तर एका पत्त्याच्या चारच प्रती चालतात आणि डाव सात पत्त्यांनी सुरू होतो. नवख्याला प्रत्येक चांगला पत्ता हवासा वाटतो आणि डेक ८० पर्यंत फुगतो. चार प्रती असलेला पत्ता पहिल्या सातांत निदान एकदा येण्याची शक्यता ६० च्या डेकमध्ये सुमारे ४० टक्के असते. ८० च्या डेकमध्ये ती ३१ टक्क्यांवर उतरते. वीस चांगले पत्ते वाढवून डेक दुबळाच होतो. अपरिग्रह ही इथे नुसती शिकवण राहत नाही, ती मोजता येते.

दुसरी गोष्ट लँडची. लँडमधून ‘माना’ ही शक्ती मिळते आणि ती खर्चूनच बाकीचे बहुतेक पत्ते खेळता येतात. साठांत २४ लँड ठेवले तरी साधारण सात हातांपैकी एकात लँड एकच असतो किंवा एकही नसतो. असा हात परत करून नवा घेता येतो, पण त्याबदल्यात एक पत्ता कमी होतो. म्हणून जाणकार कमी खर्चाचे पत्ते जास्त आणि महागडे मोजके ठेवतात. पाच रंगांपैकी एक-दोनच निवडतात, म्हणजे हव्या रंगाचा माना वेळेवर मिळतो. नवशिक्याने तयार डेक घेऊन खेळावे आणि अनुभव येईल तसे थोडे थोडे पत्ते बदलावेत. एकदम सगळे बदलले तर सुधारणा कशाने झाली ते कळत नाही.

दैवाशी असा हिशेब मांडणे आपल्या परंपरेला नवे नाही. महाभारताच्या वनपर्वात द्यूतात राज्य गमावलेला नल ऋतुपर्ण राजाचा सारथी होतो. वाटेत बेहड्याच्या झाडाकडे पाहून ऋतुपर्ण त्याची पाने आणि फळे किती ते सांगतो. नल रथ थांबवतो, स्वतः मोजून पाहतो आणि संख्या बरोबर निघते. याच बेहड्याची फळे त्या काळी फासे म्हणून वापरत. ऋतुपर्णाकडून नल मोजण्याची ही विद्या आणि अक्षहृदय, म्हणजे फाशांचे मर्म, शिकतो, तेव्हा त्याला द्यूतात हरवण्यासाठी शरीरात शिरलेला कली बाहेर पडतो. पुढे राज्य जिंकून घेतलेल्या भावाशी, पुष्कराशी, पुन्हा खेळून तो राज्य परत मिळवतो. फासे तेच होते; बदलले ते त्यांच्याविषयीचे ज्ञान.

तरीही उत्तम बांधलेला डेक हरतो आणि कच्चा डेक कधी जिंकतो. म्हणून एका डावाच्या निकालावरून कर्त्याची पारख होत नाही. हरल्यावर विचारायचे ते एवढेच: त्या वेळी जे ठाऊक होते त्यावरून निवड योग्य होती का? नसेल तर दोष चेष्टेत किंवा साधनात आहे आणि तो सुधारता येतो. असेल तर राहिलेला भाग पिसण्याचा आहे, त्याबद्दल स्वतःला बोल लावण्याचे कारण नाही. पुरुषार्थाने दैवाचा वाटा आकुंचन पावतो, पण शून्य होत नाही. आपल्या जयाचे सगळे श्रेय एकट्या कर्त्याने घेणे गीतेला मान्य नाही, ते याच कारणाने.